आमच्या स्थानकावरचा जुना पूल

मावळातील आमच्या लहानशा स्थानकावर नवा पादचारी पूल झाला की जुना लोखंडी पूल काढून भंगारात देणार, असे पुण्याला जाता-येता लोकलमध्ये ऐकू येते. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्यात इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला, तेव्हापासून आमच्या भागात जुने लोखंड दिसले की माणसे बिचकतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही. पण तो पूल सुमारे तीस वर्षांचाच होता. तो गंजला होता आणि त्यावर गर्दी फार झाली होती. म्हणजे दोष वयाचा नव्हता.

आमच्या पुलात वेल्डिंगचा एकही मूळ सांधा नाही. लालभडक तापवलेला रिव्हेट, म्हणजे जाड डोक्याचा लोखंडी खिळा, भोकात घालून ठोकायचा, तो निवताना आखडतो आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आवळून धरतो, ही ती जुनी रीत. ते जाळीदार कठडे आणि अर्धगोल डोक्यांच्या रांगा पाहिल्या की कारागिराचा हात दिसतो. (वडील मला त्या रांगा मोजायला लावत, म्हणजे गाडी येईपर्यंत मी रुळांकडे धावत नसे.) पुलाचे खरे दुखणे खाली आहे. फलाटाची उंची वाढवताना खांबांचे पाय काँक्रीटमध्ये गाडले गेले, मावळातला पाऊस तिथे मुरत राहतो, आणि दरवेळी रंग मात्र कठड्यांना लागतो, कारण तेवढेच डोळ्यांना दिसते.

नवा पूल हवा, याबद्दल माझे दुमत नाही. दुधाच्या किटल्या घेऊन तो उभा जिना चढणाऱ्यांना उतार हवाच. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या आल्या तेव्हाची रुळांवरची १५०० व्होल्टची तार जाऊन आता २५ हजार व्होल्टची आली आहे, तिच्यापासून पुलाला जास्त अंतर लागते, हेही मला मान्य आहे. मात्र रिव्हेटचा पूल सुटा करता येतो. भागांवर क्रमांक घालावेत, रिव्हेट कापून त्या जागी बोल्ट घालावेत आणि स्थानकाबाहेरच्या मोकळ्या जागेत, जिथे खालून गाडी जात नाही, तिथे तो पुन्हा उभारावा. खर्च येईल; भंगाराच्या भावात त्याची किंमत करणे मला त्याहून महागाचे वाटते. तोवर निदान पावसाळ्याआधी खांबांभोवतीचे काँक्रीट फोडून कोणीतरी आत डोकावून पाहावे.