रॉकस्टार व्हायचंय? आधी डिग्री घ्या

बँड काढायचाय ना? मग घरात आदळआपट करून कॉलेज सोडायची मुळीच घाई करू नका. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडकडे बघा. गिटारवाला ब्रायन मे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात खगोलभौतिकीत पीएचडी करत होता. ड्रमर रॉजर टेलर दंतवैद्यकाला गेला, मग दात सोडून जीवशास्त्राकडे वळला. बेस गिटारवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्समध्ये फर्स्ट क्लास. गायक फ्रेडी मर्क्युरी ग्राफिक डिझाइन शिकलेला. ‘आधी शिक्षण पुरं कर, मग काय ते गाणंबिणं’ हे आपल्या घराघरातलं वाक्य या चौघांनी जितकं मनावर घेतलं, तितकं सदाशिव पेठेतही कुणी घेतलं नसेल. मे यांनी तर १९७४च्या सुमारास अर्धवट सोडलेला प्रबंध २००७ साली पुरा केला. विषय, सूर्यमालेतली धूळ. मधली तीसेक वर्षं स्टेडियमं भरवण्यात गेली, ही सबब तुमच्या गाइडला सांगून बघा.

गिटार हप्त्यांवर घेऊ नका. मे यांनी ती वडिलांबरोबर घरीच बनवली. दांड्याला जुन्या फायरप्लेसची फळी, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, आणि एका दांडीच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. हीच गिटार पुढे जगभर वाजली. तुमच्याकडे फायरप्लेस नसेल तर नसू दे, पण देव्हाऱ्याला हात लावू नका. रेकॉर्ड येण्याआधीच बँड फुटेल.

गायकाला योग्य वेळी पाचगणी सोडायला लावा, हे फार महत्त्वाचं. झांझिबारला जन्मलेला, पारशी घरातला फारोख बुलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथल्या पोरांच्या बँडमध्ये पियानोही वाजवत होता. १९६४ साली कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढे तो टेलरबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकायला बसला. तेव्हा काही तो आपला नव्हता. जगाने त्याला डोक्यावर घेतलं आणि आपण स्ट्रॉबेरी विथ क्रीम चाटता चाटता पाहुण्यांना सांगायला लागलो, ‘आपल्या पाचगणीचा हो!’

आता करार. तो वाचू नये. वाचला तर सही कोण करणार? क्वीनने १९७२ साली ट्रायडंट कंपनीशी करार केला. स्टुडिओ एकदम नामांकित. फक्त मोठे कलाकार उठून गेले की उरलेल्या वेळात, बहुतेक रात्री-अपरात्री, यांनी रेकॉर्डिंग करायचं. १९७४ साली यांचं गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, तरी हातात आठवड्याला ६० पौंड. लग्न ठरलेल्या डीकनने घरासाठी उचल मागितली, तीही मिळाली नाही, असं बँडवाले सांगतात. यावर उपाय? पुढच्या अल्बमचं पहिलंच गाणं मालकाला शिव्या घालणारं करा. मालकाने कोर्टाची वाट धरली, तडजोड झाली, आणि नाव न घेता लिहिलेलं गाणं नेमकं कुणावर आहे हे सगळ्या जगाला कळलं. असा प्रचार पैसे देऊन होत नाही.

जाणकारांचा सल्लाही जरूर घ्या. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. इतकं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, म्हणून जाणकारांनी माना हलवल्या. केनी एव्हरेट नावाच्या निवेदकाला रेकॉर्ड दिली ती वाजवायची नाही या बोलीवर. त्याने शनिवार-रविवारात १४ वेळा वाजवली. गाणं ९ आठवडे ब्रिटनमध्ये पहिलं राहिलं. आज तुम्हाला ‘हुक, म्हणजे कानाला पकडून ठेवणारा तुकडा, पहिल्या तीन सेकंदांत पाहिजे’ असं शिकवणारे त्याच जाणकारांचे वारसदार. त्यांची फी मात्र वेळेवर भरा.

विवेकबुद्धीची फार काळजी करू नका. १९८४ साली क्वीनने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत कार्यक्रम केले. संगीतकारांच्या संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. मग १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम. साधारण वीस मिनिटं, तीही आधी घोटून घोटून तालीम केलेली. त्या दिवशी फ्रेडी खरोखरच अफाट गायला, त्याबद्दल वाद नाही. पण सन सिटी आज कुणाला आठवते? पाप धुवायला वीस मिनिटं पुरतात, फक्त थेट प्रक्षेपण हवं.

एक शेवटचं, हे कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत. गायक होऊ नका, गायकाला सतत लोकांसमोर राहावं लागतं. गिटारही नको. मे आणि टेलर पंच्याहत्तरी उलटली तरी क्वीनचं नाव चालवतायत. जॉन डीकन बघा. बँडच्या अमेरिकेत गाजलेल्या सर्वांत मोठ्या गाण्यांपैकी एक त्याने लिहिलं, हिशेबावर नजर ठेवली आणि १९९७च्या सुमारास गुपचूप घरी जाऊन बसला. ना मुलाखत, ना दौरा. २०२४ साली क्वीनची गाणी सोनीने सुमारे १ अब्ज पौंडांना घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यासाठी डीकनला स्टेजवर चढावं लागलं नाही. तेव्हा पोराला क्लास लावायचाच असेल तर बेसचा लावा. बॅचमध्ये जागाही असते.