गाँकूर पुरस्काराविषयीचा एक सोयीस्कर समज

फ्रेंच भाषेतल्या कादंबरीला मिळणाऱ्या गाँकूर पुरस्काराबद्दल एक मत वरचेवर ऐकू येते: पॅरिसमधले मोजके प्रकाशक तो आपापसांत वाटून घेतात, विजेत्या कादंबऱ्या सोप्या आणि बाजारधार्जिण्या असतात, आणि खरे लेखक नेहमीच डावलले जातात.

यातला वाटणीचा आरोप एके काळी निराधार नव्हता. पुरस्काराची रक्कम केवळ 10 युरो असली तरी निकालानंतर पुस्तकाच्या लाखो प्रती खपतात, त्यामुळे प्रकाशकांचा जीव त्यात गुंतलेला असणारच. मात्र 2008 पासून दहा परीक्षकांपैकी कोणालाही प्रकाशनसंस्थेत पगारी नोकरी करता येत नाही. आणि 2021 मध्ये एका परीक्षकाच्या जोडीदाराचे पुस्तक पहिल्या यादीत आल्यावर गदारोळ झाला, तेव्हा जोडीदारांची व नातेवाइकांची पुस्तके अपात्र ठरवणारा नियमही झाला. आर्लसारख्या दक्षिणेकडच्या शहरातल्या आक्त स्यूद या प्रकाशनसंस्थेने 2012 ते 2018 या काळात चार वेळा हा पुरस्कार मिळवला. 2022 मध्ये लेखिका ब्रिजित जिरो यांची निवड व्हायला मतदानाच्या चौदा फेऱ्या लागल्या आणि पाच-पाच अशी बरोबरी परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांच्या दुहेरी मताने सुटली. अखेरच्या फेरीतल्या दोन्ही पुस्तकांचे प्रकाशक एकाच समूहातले होते, हे मान्य. पण निकाल आधीच ठरलेला असता तर परीक्षक चौदा वेळा मतदानाला बसले नसते.

सोपेपणाचा आरोप करणाऱ्यांनी 2021 ची विजेती कादंबरी उघडून पाहावी. मोहामेद म्बूगार सार हे सेनेगलचे, पुरस्कार मिळाला तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे. त्यांचे पुस्तक एका छोट्या पॅरिसकर प्रकाशकाने डाकारमधल्या प्रकाशनसंस्थेसह काढले. त्यांचा नायक, पॅरिसमध्ये राहणारा तरुण सेनेगली लेखक, 1938 साली एकच पुस्तक लिहून, वाङ्मयचौर्याच्या आरोपानंतर नाहीशा झालेल्या एका लेखकाचा माग काढतो. हा शोध रोजनिशी, पत्रे, जुनी वृत्तपत्रीय परीक्षणे आणि एकात एक गुंतलेली कथने यांतून ॲमस्टरडॅम, ब्युनोस आयर्स आणि अखेर सेनेगलपर्यंत जातो. बोलणारा कोण हे वाचकाला पानोपानी नव्याने ओळखावे लागते. आफ्रिकी लेखकाचे कौतुक करणारा फ्रेंच समीक्षक त्याला किती लवकर संशयिताच्या पिंजऱ्यात उभा करतो, हे इतक्या निर्भीडपणे मांडणारी कादंबरी त्याच फ्रेंच साहित्यविश्वाने गौरवावी, याचे मला मोल वाटते. बाजाराला खूश करण्यासाठी कोणी असे लिहीत नाही.

राहिला डावलण्याचा मुद्दा. 1932 मध्ये फ्रेंच कादंबरीकार सेलीनला नाकारले ही चूकच होती आणि तिचा दाखला आजही दिला जातो. पण 1919 मध्ये प्रूस्तला, 1984 मध्ये मार्गरित द्यूरासला हाच पुरस्कार मिळाला. 1978 चे विजेते पात्रिक मोदियानो पुढे 2014 मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. ‘नेहमीच’ हा शब्द इथे टिकत नाही.

टीका करायचीच असेल तर ती वेगळ्या जागी करायला हवी. 1903 पासून चालत आलेल्या या पुरस्काराच्या पहिल्या मानकरी लेखिका 1944 च्या एल्सा त्रिओले, आणि जिरो या केवळ तेराव्या. फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांना नोबेल मिळाले, गाँकूर कधीच नाही. प्रकाशकांच्या कटाच्या गोष्टी रंगवून सांगणारे या आकड्याविषयी क्वचितच बोलतात.