"कशाला गेला परत?"

आज दुपारी मित्राकडे अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला जमलो होतो. एका क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकून टीमचा डाव चालवणाऱ्या खेळाडूला, मैदानातून गाडीवर घालून नेलं आणि सोफ्यावरून आवाज आला, "संपला हा. एवढा पैसा कमावलाय, आता बसावं की गप घरी." कुणीच काही बोललं नाही. मीही नाही, आणि तेच घरी आल्यापासून डाचतंय.

वॉशिंग्टनची टीम बघणाऱ्यांनी तरी असं म्हणू नये. त्यांचाच क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ विसरलात? 18 नोव्हेंबर 2018, ह्यूस्टनविरुद्धची मॅच. उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडून कातडीबाहेर आली. 1985 साली याच तारखेला, याच टीमचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय असाच मोडला होता आणि तो पुन्हा कधीच खेळला नाही. स्मिथच्या जखमेत तर जंतुसंसर्ग पसरला. पाय कापायचा की माणूस गमवायचा, इथवर गोष्ट गेली. 17 शस्त्रक्रिया झाल्या. दुसऱ्या मांडीचा स्नायू काढून या पायाला लावला.

माझ्या बाबांच्या पायावर फाउंड्रीत साचा पडला तेव्हा मी सातवीत होतो. पायात सळी घातली, चौदा महिने घरी. येणारा प्रत्येकजण चहा पिऊन हेच सांगून जायचा, "आता कशाला परत जाताय?"

स्मिथचं नशीबच तसलं. 2005 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सगळ्यांत आधी सॅन फ्रान्सिस्कोने त्याला घेतलं. 2012 मध्ये डोक्याला मार बसून दोन दिवस बाजूला काय झाला, जागा टीममधल्याच दुसऱ्या क्वार्टरबॅककडे, केपरनिककडे, गेली ती गेलीच. मग कॅन्सस सिटी. तिथे 2017 मध्ये लीगमधलं सगळ्यांत चांगलं पासर रेटिंग (बॉल फेकण्यातले गुण) त्याचं, आणि पुढच्याच वर्षी महोम्स या तरुण क्वार्टरबॅकसाठी याला वॉशिंग्टनला धाडलं! प्रत्येक वेळी टीम नीट उभी करून दिली आणि प्रत्येक वेळी खुर्ची दुसऱ्याला. माझं तर आजही रक्त उकळतं.

हो, घरी बायको आणि तीन लहान मुलं असताना पुन्हा त्याच मैदानात उतरणं मलाही जड जातं पचवायला. तेवढं मान्य.

पण टीमचं काय? आपण टीमला नकोच होतो, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. बाबांनाही साहेबांनी गेटवर रजिस्टर घेऊन बसायला सांगितलं होतं. पगार तोच. बाबा म्हणाले, "मी मोल्डर आहे."

11 ऑक्टोबर 2020, त्याची परतीची मॅच. पाऊस पडत होता. स्मिथ 36 वर्षांचा. समोरच्या रॅम्स टीमचा अ‍ॅरन डोनल्ड त्याच्या पाठीवर चढला, केवढं धूड ते! मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. स्टँडमध्ये त्याची बायको. तो उठला आणि पुढच्या खेळीसाठी उभा राहिला, बस. त्या सीझनमध्ये तो सुरुवातीपासून खेळला त्या सहापैकी पाच मॅच टीमने जिंकल्या, तोवर एकही न हरलेल्या पिट्सबर्गलासुद्धा हरवलं. मार्चमध्ये टीमने त्याला सोडलं, एप्रिल 2021 मध्ये तो निवृत्त झाला. आपल्या पायांनी चालत गेला.

बाबा पहिल्या दिवशी सायकलनेच गेले. आई दिवसभर दारातून आत आली नाही. संध्याकाळी ते लंगडत आले, डबा मोरीत ठेवला आणि म्हणाले, "उद्या भाकरी एक जास्त दे."