दुकान आक्काचं, नाव भलत्याच्याच नावावर

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. लांबेल. कंटाळा आला तर सोडून द्या.

आमची आक्का चोपडा तालुक्यात बिबड्या करते. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, हे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा, ओल्या कापडावर थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. चैत्र-वैशाखात आमच्याकडे गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. आक्काचा माल पुण्या-मुंबईतली आपली माणसं वर्षाची बेगमी म्हणून मागवतात, त्यासाठीच तिने वेबसाइट काढली. आज सकाळी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइक काकूंचा तिला फोन. "अहो ताई, तुमची साइट उघडली तर पत्त्यांची जाहिरात येतेय. रमी. धंदा बदलला का?"

झालं असं, की साइट बनवून देणाऱ्या पोराने साइटचं नाव, म्हणजे डोमेन (तिचा इंटरनेटवरचा पत्ता), स्वतःच्या ईमेलवरून स्वतःच्याच नावाने घेतलं होतं. मुदत संपत आल्याच्या सूचना गेल्या त्याला. त्याने काम बंद केलंय, नंबर लागत नाही. मुदत संपल्यावरही काही आठवडे जुन्या मालकाला दंड भरून नाव सोडवून घेता येतं. पण मालक तो! आक्का कागदावर कोणीच नाही. शेवटी नाव मोकळं झालं आणि कोणीतरी उचललं. आता तिच्या छापून ठेवलेल्या पिशव्यांवर रमीवाल्याचा पत्ता आहे, आणि छपाईचे पैसे आक्काचे.

"पन ते मन्हं नाव व्हतं ना रे भाऊ?" असं विचारत होती. काय सांगू तिला?

आपण बांधावरच्या हातभर जमिनीसाठी कोर्टात जाणारी माणसं. सातबाऱ्यावर नाव लागलं की नाही म्हणून तलाठ्याकडे चपला झिजवतो. आणि दुकानाचं नाव मात्र कुठल्याशा ओळखीच्या पोराच्या नावावर बिनधास्त सोडून देतो, का तर "त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं". वर्षाला काही शे रुपयांची गोष्ट आहे हो ती!

गंमत बघा. पैसे मात्र बरोब्बर आक्काच्या खात्यात यायचे. कारण पेमेंट गेटवेवाले, म्हणजे साइटवरचे पैसे खात्यात पोचवणारे, पॅन आणि बँक खातं जुळल्याशिवाय सुरूच करत नाहीत. खाद्यपदार्थांच्या परवान्याचा चौदा आकडी नंबरही तिच्याच नावाचा, कारण तिथेही ओळखपत्र मागतात. जिथे कोणी कागद मागितला, तिथे आक्काचं नाव लागलं. जिथे कोणी विचारलं नाही, तिथे त्याने आपलं घुसवलं. म्हणजे बाईला कळत नाही वगैरे काही नाही. तिला दाखवलंच नाही.

आणि काम तरी काय केलं होतं? बिबड्यांच्या जागी नेटवरून उचललेला मद्रासी अप्पलमचा, म्हणजे तिकडच्या पापडाचा, फोटो. माल परत करण्याच्या नियमांत लिहिलेलं, "साइज न बसल्यास सात दिवसांत बदलून मिळेल." कपड्याच्या दुकानाचा मजकूर जसाच्या तसा! पापडाची साइज कोणाला बसवायची, कमरेला?

बरं, सगळीच पोरं लबाड नसतात, मान्य. हजारात-पाचशेत साइट मागणारे आपणच, आणि नंतर वर्षभर "जरा फोटो बदल ना भो" म्हणून फुकट राबवणारेही आपणच. कदाचित त्या पोराच्या मनात वाईट नसेलही. शहाद्याचा की शिरपूरचा होता, नोकरी लागली असेल, विसरला असेल. पण त्याच्या विसरण्याची किंमत आक्काने का मोजायची?

आता काही जण म्हणतील, वेबसाइट हवीच कशाला, व्हॉट्सॲपवर कॅटलॉग टाका, क्यूआर पाठवा, यूपीआयला पैसेही कापत नाहीत. खरंय, सुरुवातीला तेवढं पुरतं. मोठ्या ॲपवर टाका म्हणाल तर तिथे गिऱ्हाईक येतं, नाही कोण म्हणतं, पण ते त्यांचं गिऱ्हाईक. कमिशन देऊनही त्याचा फोन नंबर आक्काला मिळत नाही. पुण्याच्या काकूंनी फोन केला, कारण त्या आक्काच्या दुकानात यायच्या, कुणाच्या बाजारात नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की आक्का आवर्जून चौकशी करते, काकूंची सून आली का? हे कुठल्या ॲपवर बसवणार?

भाचीने आज दुपारी दुसरं नाव घेतलं. आक्काच्या ईमेलवर, आक्काच्या फोनवर ओटीपी. पासवर्ड आक्काने हिशेबाच्या वहीत लिहून घेतलाय. वहीत लिहू नये म्हणतात, पण ती वही तिच्या पेटीत कुलपात असते, चालेल. आपोआप नूतनीकरणही चालू केलं. काकूंना नवीन पत्ता पाठवला, तर त्यांनी लगेच दोन किलोची ऑर्डर टाकली. भल्या बाई आहेत.

तुमच्या घरातली कोणी पापड, कुरडया, केळीचे वेफर्स, काळा मसाला विकत असेल तर आज रात्री एवढंच विचारा: डोमेनचं लॉगिन कोणाच्या ईमेलने उघडतं? उत्तर "त्या पोराच्या" असेल तर मुदत संपायची वाट बघू नका. तो फोन उचलतोय तोवर बदलून घ्या.

आणि माझ्या मित्रयादीत साइट बनवणारे बरेच जण आहेत. राग आला असेल तर येऊ द्या. गिऱ्हाइकाचं डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर घेता की स्वतःच्या, तेवढं खाली लिहा. बाकी स्पष्टीकरण नको.