काळे पाणी, कापलेले बुंधे आणि दुरून टिपलेला अ‍ॅलिगेटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ओकेफिनोकी आणि अचाफलाया या दलदलींच्या माझ्या छायाचित्रांवर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. पाण्याचा काळा रंग मी संगणकावर चढवला, हा पहिला. आणि एवढ्या लांब जाऊन बुंध्यांचीच छायाचित्रे दिली, अ‍ॅलिगेटरचे, म्हणजे मगरीच्या जातकुळीतल्या प्राण्याचे, मात्र एकच आणि तेही दुरून, हा दुसरा.

जॉर्जियातील ओकेफिनोकीचे पाणी खरोखरच काळे दिसते. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातले टॅनिन हे तुरट, तांबूस द्रव्य त्यात उतरते. ओंजळीत घेतले तर ते कोऱ्या चहासारखे तांबूस असते; वल्हे खाली नेऊ लागलो की त्याचे पाते आधी सोनेरी, मग विटकरी होते आणि हातभर खोलीवर दिसेनासे होते. तरीही आपल्या आक्षेपात तथ्य आहे. तिसऱ्या छायाचित्रासाठी मी पोलरायझर फिल्टर वापरला होता. त्याने पृष्ठभागावरची आकाशाची चकाकी कापली जाते आणि पाणी डोळ्यांना दिसते त्याहून गडद येते. हे छायाचित्राखाली लिहायला हवे होते. आज लिहीत आहे.

अ‍ॅलिगेटरचे जवळून घेतलेले छायाचित्र माझ्याकडे आहे, पण ते मी जाणूनबुजून दिलेले नाही. अचाफलाया ज्या राज्यात आहे त्या लुईझियानात पहिल्या दिवशी आमच्या बोटीच्या चालकाने पाण्यात मार्शमॅलो (साखरेची मऊ मिठाई) टाकले आणि तो प्राणी थेट बोटीच्या कडेला आला. माणूस म्हणजे खाणे हे त्याच्या डोक्यात एकदा बसले की त्याची भीती मोडते, तो वस्तीजवळ येऊ लागतो आणि शेवटी धोकादायक ठरवून मारला जातो. फ्लोरिडात त्याला खाऊ घालणे गुन्हा आहे, ते याचसाठी. १९६७ मध्ये संकटग्रस्त ठरलेला आणि १९८७ मध्ये त्या यादीतून बाहेर पडलेला हा प्राणी मला आमिषाशिवायच टिपायचा होता, मग तो दूर का असेना.

आता बुंध्यांविषयी, कारण माझे मन तिथेच गुंतलेले आहे. अचाफलायातील जुने बाल्ड सायप्रस, म्हणजे दलदलीत वाढणारे सूचिपर्णी वृक्ष, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत जवळजवळ सगळे तोडले गेले. ओले खोड पाण्यात बुडते, म्हणून आधी बुंध्याभोवती खाच घेऊन झाड उभ्याउभ्याच वाळवत आणि मग ते पाडून तरंगत नेत. आज दिसते ते बहुतेक त्यानंतर वाढलेले रान. सायप्रस पाण्यात शतकानुशतके उभा राहतो, पण त्याचे बी पाण्याखाली रुजत नाही. त्याला काही काळ उघडा पडलेला ओला चिखल लागतो. बांध आणि कालव्यांमुळे जिथे वर्षभर पाणी तुंबून राहते, तिथे जुन्या झाडांच्या जागी नवे येत नाही. म्हणूनच त्या छायाचित्रांत बुंधे आहेत आणि त्यांच्याभोवती रिकामे पाणी आहे.

आपण ज्याला ‘निरर्थक गवत’ म्हटलेत ते शेवटचे छायाचित्र कृपया एकदा मोठे करून पाहावे. ते सायप्रसचे वीतभर उंचीचे रोप आहे. ऑक्टोबरातल्या त्या संपूर्ण दिवसात मला दिसलेले एकमेव.