रेनकव्हरवर विसंबू नका
ट्रेकसाठी कॅमेऱ्याची सॅक निवडण्यावरच्या लेखातलं ‘रेनकव्हर असलं की पावसाची चिंता मिटली’ हे वाक्य सह्याद्रीच्या पावसात अजिबात टिकणार नाही. सॅकवर बाहेरून चढवायचं हे कव्हर पाठीकडची बाजू उघडीच ठेवतं. मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅकच्या मधून खाली उतरतं, कव्हरच्या तळाशी साचतं आणि तिथून आत मुरतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा वारा तर कव्हरच उडवून नेतो. कॅमेरा आणि लेन्स आत वेगळ्या ड्रायबॅगमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत, तिचं तोंड तीन-चार वेळा गुंडाळून ठेवायलाच हव्यात.

आणि कमरेच्या पट्ट्याचा उल्लेखच नाही! दुकानातच सॅकमध्ये वजन भरून पट्टा कमरेच्या हाडावर आवळून बघा. नळीच्या वाटेने, म्हणजे अरुंद कातळी घळीतून, हरिश्चंद्रगड चढताना दोन्ही हात कातळावर असतात, तेव्हा डुलणारी सॅक तोल घालवते.