तालमीचे दिवस कोण मोजतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संगीतबारीतल्या, म्हणजे थिएटरात बैठकीची लावणी सादर करणाऱ्या, कलावंत आणि शहरातली प्रायोगिक नाटकं यांच्या एकत्र कामाबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. या कलावंतांना श्रेय, तालमीचे पैसे आणि लेखी करार मिळावा, असं माझं म्हणणं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुम्ही स्वतः राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं उभे राहिलेले आहात, त्यामुळे ती वरवर वाचून सोडण्यासारखी नव्हतीच. तुमचं म्हणणं असं : लोककला कुणा एकाच्या मालकीची नसते, विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकात खेळे, कीर्तन, लावणी सगळं आलं, तेव्हा कुणी हिशेब मागितला नाही, कागद मध्ये आला की विश्वास जातो, आणि मी या बायकांना बिचाऱ्या ठरवलं.

शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. लेखात ‘बिचाऱ्या’ हा शब्द दोनदा आला होता, तो मी काढून टाकला. स्वतःची पार्टी, म्हणजे कलावंतांचा संच, चालवणारी, दहा-बारा माणसांचं पोट सांभाळणारी बाई बिचारी नसते. माझा शब्द चुकला.

पण लोककला कुणाचीच नसते, हे मला पटत नाही. लावणीचं शेवटचं कडवं आठवा. शाहीर तिथे आपलं नाव गुंफतो. पठ्ठे बापूरावांची लावणी ओळखू येते ती त्या नाममुद्रेवरून. म्हणजे नावाचा आग्रह हा शहरातून आलेला नवा हट्ट नाही, तो या कलेच्या रचनेतच आहे. खंत आहे ती वेगळीच. त्याच लावण्या पवळाबाई हिवरगावकरांनी फडावर उभ्या केल्या, लोक त्यांना ऐकायला लोटायचे, आणि त्यांच्या गळ्याची, अदेची खूण मात्र कुठल्याच कडव्यात राहिली नाही. लिहिणाऱ्याला नाममुद्रा मिळाली, सादर करणारीला नाही. आज तालमीच्या हॉलमध्ये नेमकं हेच पुन्हा घडताना मी पाहते.

काय पाहिलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका नाटकाची निर्मितीव्यवस्था माझ्याकडे होती. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका थिएटरातून एक ज्येष्ठ लावणी कलावंत आणि त्यांचे ढोलकीवाले सहा आठवडे तालमीला येत होते. मधला एक प्रवेश काही केल्या उभा राहत नव्हता. एका दुपारी बाई खाली बसल्या आणि एकाच ओळीवर त्यांनी सात वेगळ्या अदा केल्या : एकीत राग, एकीत लाज, एकीत नुसती वाट बघणं. शेवटच्या अदेला ढोलकीवाल्यांनी लय अर्ध्यावर आणली. प्रवेश तिथेच सापडला. आजही त्या नाटकाचं नाव निघालं की लोक त्याच प्रवेशाबद्दल बोलतात. जाहिरातीत मात्र नृत्यदिग्दर्शनापुढे शहरातल्या एका व्यक्तीचं नाव होतं आणि बाई ‘सहभाग’ या यादीत सातव्या क्रमांकावर होत्या. ढोलकीवाल्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी तेव्हा त्याच संघात होते आणि गप्प बसले, हे आजही सलतं.

पैशांचं सांगायचं तर आपल्याकडे नाईट, म्हणजे मानधन, मिळते ती प्रयोगाची, तालीम फुकटच असते. शहरातल्या नटाला ते जमतं, कारण दिवसा त्याची नोकरी असते, डबिंग असतं, मालिकेतलं छोटं काम असतं. बाईंचं तसं नव्हतं. त्यांच्याशिवाय पार्टी उभी राहत नाही. त्या सहा आठवड्यांत बैठका बुडाल्या, आणि त्याची झळ मागे थिएटरात बसलेल्या मुलींना, पेटीवाल्याला लागली. आपण ज्याला ‘कलेसाठी दिलेला वेळ’ म्हणतो, त्याची किंमत कुणीतरी दुसऱ्याने चुकवलेली असते.

आता ‘घाशीराम’. उदाहरण तुम्ही चांगलं निवडलंत, पण मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. १९७२च्या त्या नाटकात नटांनी लोककलेचे प्रकार स्वतः आत्मसात करून स्वतःच्या अंगात उतरवले. त्यात गैर काही नाही, परंपरा अशीच पुढे जाते. पण त्या नाटकाचं नाव घेताना आपण एकटे तेंडुलकर म्हणतो का? दिग्दर्शनाचे जब्बार पटेल, संगीताचे भास्कर चंदावरकर, नृत्यरचनेचे कृष्णदेव मुळगुंद ही नावं पन्नास वर्षांनीही सोबत येतात. ज्याने जे केलं त्याच्या नावावर ते लागलं, म्हणून नाटकाचं काही कमी झालं नाही. मग तोच न्याय संगीतबारीतल्या बाईला लावताना आपल्याला परंपरा का आठवते?

आणि कागद. तमाशाचं जग तोंडी विश्वासावर चालतं, ही आपली शहरी समजूत आहे. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेतल्या खेळाची सुपारी ठरवायला येतात, तारीख आणि रक्कम पक्की करून इसार देऊन जातात. कलावंतांची उचल वहीत मांडलेली असते. (त्या उचलीत माणसं वर्षानुवर्षं अडकतात, तेही खरं, सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही.) २०२०चा पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. ऐन सुपाऱ्यांचा हंगाम हातचा गेला. तेव्हा हिशेब कळत नाही असं या लोकांबद्दल कुणी म्हणू नये.

कायदाही इतका परका नाही. प्रताधिकार कायद्यात १९९४ पासून कलाकाराची जी व्याख्या आहे तिच्यात नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. २०१२च्या दुरुस्तीने सादरीकरणावर आपलं नाव लागण्याचा हक्क आणि त्याच्या व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्कही दिला. प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकताना हे किती संघांना आठवतं?

त्यानंतरच्या नाटकाच्या वेळी आम्ही एक पानी मराठी करार केला. तालमीच्या दिवसांचा मोबदला वेगळा, चित्रीकरणाची परवानगी वेगळी, आणि बाईंनी बसवलेल्या अदा पुढे दुसऱ्या कुणी केल्या तरी श्रेय त्यांचंच. सही करण्याआधी बाईंनी एक बदल सुचवला. नुसतं माझं नाव नको, म्हणाल्या, खाली पार्टीचं नाव टाका आणि ढोलकीवाल्याचं माझ्याच ओळीत. पोस्टर करणारा मुलगा जागा पुरत नाही म्हणाला. मग आम्ही प्रायोजकाचं चिन्ह लहान केलं.